आठ वाजताची ओहोटी

१. लाल फडकं

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, इंदरगंजच्या सरकारी कन्याशाळेत, तिथल्या वस्तूंची यादी करायला आलेल्या कृष्णरावांनी एका लाल फडक्याची गाठ सोडली. आत दिवंगत रघुनाथराव मास्तरांची टिपणवही असायला हवी होती. निघालं ते शके १८५३चं, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचं, जुनं पंचांग.

हे मला कळलं तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. माझी पुतणी पद्मा दारातून आली, चपला न काढता तशीच खाटेवर बसली आणि म्हणाली, "काका, त्यांना वाटतंय वही मी लपवली. सगळे माझ्याकडेच बघू राहिलेत." उरलेली अर्धी दाढी त्या दिवशी राहूनच गेली.

मी महिपतराव, ग्वाल्हेर दरबारच्या पोलिसांतला निवृत्त फौजदार. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे आले आणि उतरले ते इथलेच झाले. पुढे दरबार गेला, मध्यभारत आलं, आणि आता पहिल्या नोव्हेंबरला तेही जाणार होतं. नवं राज्य मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. छप्पन सालच्या त्या ऑक्टोबरात लष्कर भागातल्या निम्म्या कचेऱ्यांत कपाटांना दोरखंड बांधलेले होते, आणि उरलेल्या निम्म्यांत माणसं आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते विचारत फिरत होती. घाबरलेलं गाव ओळखायला फौजदार लागत नाही.

पद्माचं नावही एका यादीत होतं. नव्या राज्याच्या शिक्षण खात्यात घ्यायच्या शिक्षकांची ती यादी सोमवारी भोपाळला जाणार होती, आणि प्रत्येक नावापुढे मुख्याध्यापिका शालिनीताईंनी ‘वर्तणूक निर्दोष’ असं लिहून सही करायची होती. वही गेल्यावर त्यांनी एकट्या पद्मापुढची जागा कोरी ठेवली. पद्माला आईबाप नाहीत. तिला वाढवलं मी, शिकवलं मी, आणि ही नोकरीही माझ्याच हट्टाने तिने धरली.

२. समुद्राची खोली

शाळेच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘समुद्रदालन. संग्राहक : रघुनाथराव मास्तर.’ मुली तिला समुद्राची खोली म्हणतात. ग्वाल्हेरात समुद्र शिकवणं ही मला बरीच वर्षं थट्टा वाटायची. इथल्या माणसाचं पाणी म्हणजे विहीर, फार तर तिघऱ्याचा तलाव. मी स्वतः साठी ओलांडली तरी समुद्र पाहिलेला नाही, आणि पद्मानेही नाही. तरी ती तो शिकवते.

आत भिंतीला लागून काचेच्या बरण्या आहेत. चिखलावर उड्या मारत चालणारा निवटी नावाचा मासा, एकच नांगा अवाढव्य असलेले खेकडे, तारामासे, कालवं. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची आणि कांदळाची वाळवलेली पानं. कांदळाच्या हातभर शेंगा, ज्या झाडावर असतानाच रुजतात आणि खाली पडल्या की थेट चिखलात उभ्या राहतात. खिडकीपाशी दगडी टाकीत, खडेमीठ घातलेल्या पाण्यात, तिवराची दोन जिवंत रोपं. आमच्या उन्हाळ्यात ती दर दोन-तीन वर्षांनी मरतात, आणि मास्तरांच्या पत्नी लीलाताई कोकणातल्या माहेराहून नवी मागवतात.

एकदा मी पद्माला विचारलं होतं, या पोरींना त्या खारट झाडांचं काय करायचंय. ती म्हणाली, "काका, चंबळचे बीहड, त्या खोल घळी, आपल्या पोरींनी पाहिलेत ना? मुळं गेली आणि माती वाहून गेली. खाडीवर तिवर तोडले की तेच होतं, आणि माशांची पिल्लं वाढतात ती जागाही जाते. समुद्र नाही समजला तरी बीहड तर समजतो." तेव्हापासून मी थट्टा बंद केली.

आता भानगड अशी होती. दरबारच्या कामावर जमवलेली प्रत्येक वस्तू भोपाळच्या नव्या संग्रहालयात जायची होती. खासगी देणगी असेल ती जागच्या जागी राहणार. १९३१च्या मे महिन्यात दरबारने रघुनाथरावांना कोकण किनाऱ्यावर पाठवल्याचा हुकूम कृष्णरावांच्या फायलीत होता. पण त्यांनी तिथे नेमकं काय जमवलं, याचा पुरावा फक्त त्या वहीत. वही असली तर खोली रिकामी होणार, वही नसली तर वाद पडून खोली वाचण्याची आशा. आणि खोली हलवू नका म्हणून दोन महिने अर्ज कोण करत होतं, तर पद्मा. शिवाय वहीच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडेच.

सोमवारी कृष्णरावांबरोबर मुंबईचे एक समुद्रजीवांचे तज्ज्ञ वही तपासायला येणार होते. माझ्या हातात होते शनिवार आणि रविवार.

३. फायदा कुणाचा

शनिवारी सकाळी मी शाळेत गेलो. अधिकार माझ्याकडे कवडीचा नव्हता, पण जुन्या फौजदाराला लोक सवयीने उत्तरं देतात.

शालिनीताईंनी काही लपवलं नाही. खोली रिकामी झाली तर त्यांना हवीच होती, सातवीचा वर्ग व्हरांड्यात बसतो म्हणाल्या. पद्मा त्यांना आवडते, तरी सही करणार नाही, कारण खोटी सही त्यांनी आजवर केलेली नाही. मला त्यांचा राग आला आणि आदरही वाटला. वही गेल्याने उलट त्यांचं नुकसान होतं, म्हणून त्यांना मी बाजूला काढलं.

कृष्णराव चाळिशीचे, सुकलेले, मालमत्तेच्या याद्या करणारे अधिकारी. बोलता बोलता सांगून गेले की दुसऱ्यांच्या याद्या करता करता त्यांचं स्वतःचं नाव अजून कुठल्याच यादीत आलेलं नाही. "मला कुणाचं वाईट करायचं नाही," ते म्हणाले, "पण रकाना मोकळा ठेवता येत नाही हो." वही असली तरच त्यांचं काम पुरं होणार होतं, तेव्हा तेही सुटले. त्यांनी ते पंचांग मला दाखवलं. पानं पिवळी पडलेली, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या तिथींपुढे पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले. कुणाच्या तरी दुधाच्या रतिबाचे असतील, असं म्हणून त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी ठेवून घेतलं.

दुसरी किल्ली शिपाई दौलतसिंहाकडे. तो म्हणाला, "साहब, चाबी तो जनेऊ में बंधी रहती है, नहाते में भी नहीं उतारता." आठवड्यात कपाट कधी कधी उघडलं, ते त्याला तोंडपाठ होतं. सोमवारी पद्माने वही काढून मुलींना तिच्यातले उतारे सांगितले आणि वही परत बांधून ठेवली. गुरुवारी लीलाताई आल्या. बरण्यांतलं स्पिरिट उडून कमी होतं, ते भरायला त्या मास्तर गेल्यापासून दर गुरुवारी येतात, पद्मा स्पिरिटसाठी कपाट उघडून देते आणि वर्गावर जाते. त्यानंतर एकदम शुक्रवार.

"गुरुवारी काही वेगळं घडलं का?" मी विचारलं.

"नहीं साहब. बाई जैसे हर बार करती हैं वैसे ही. बोतलें भरीं, टंकी के पास गईं, पत्ता चाटा, चली गईं."

मी म्हटलं, काय केलं? तो हसला. टाकीतल्या झाडाचं पान लीलाताई दर वेळी जिभेला लावून बघतात, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. म्हातारपणाची लहर, असं त्याचं मत. मी पान तोंडात घालून पाहिलं. खारट होतं.

शाळेतून निघालो तेव्हा माझी अवस्था वाईट होती. फायदा कुणाचा असं विचारलं की बोट पद्माकडेच जात होतं. खरं सांगायचं तर इंदरगंजच्या चौकात उभा असताना एक क्षण मलाही वाटून गेलं की पोरीने खोलीच्या मायेपायी हे केलं असेल. मग स्वतःचीच लाज वाटली.

४. किला गेट

लीलाताई किला गेटला, चढाच्या तोंडाशी दोन खोल्यांत राहतात. मूलबाळ नाही. मास्तर जाऊन सात वर्षं झाली. मी त्यांना वहिनी म्हणतो. मास्तरांची आणि माझी ओळख जुनी, पण त्यांच्याशी पाच मिनिटांपलीकडे मी कधी बोललो नव्हतो. आमच्या पिढीत मित्राच्या बायकोशी तेवढंच बोलत.

वही गेल्याचं त्यांना कळलं होतं. पद्मावर आळ आल्याचं मात्र कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला.

"मुलीच्या नोकरीवर येईल का हो काही, भाऊजी?"

मी म्हटलं, सोमवारी ठरेल. त्यांनी पुन्हा निवडायला घेतलं, आणि निवडलेली डाळ न निवडलेलीत परत टाकली.

मी मास्तरांच्या कोकणच्या मोहिमेबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं, म्हणून मास्तरांनी तेच गाव निवडलं होतं. एकोणीस दिवस रोज चिखलात उतरायचे. "परत आले ते उन्हाने पार रापून," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच आलं. त्या जूनमध्ये मी लष्करच्या स्टेशनावर मास्तरांना पाहिलं होतं. भर उन्हाळ्यात अंगावर शाल, चेहरा हळदीसारखा पिवळा, हमालाचा हात धरून चाललेले. पण पंचवीस वर्षांची आठवण, तिच्यावर किती विसंबायचं, असं म्हणून मी ती बाजूला सारली.

निघताना सहज म्हटलं की सोमवारी मुंबईचे तज्ज्ञ येतायत, त्यांना वही मिळाली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे त्यांना माहीत होतं. पद्माने आधीच्याच गुरुवारी मोठ्या उत्साहाने सांगितलेलं होतं.

"पद्माच्या नोकरीवर खरंच येईल का?" दारात त्यांनी पुन्हा विचारलं.

चढ उतरताना मला कळत होतं की या बाईला काहीतरी ठाऊक आहे. पण काय, ते कळेना. नवऱ्याच्या नावाची वही बायको कशाला चोरेल? त्या वहीनेच तर मास्तरांचं नाव राहणार होतं.

५. रोज आठ वाजता

रविवारी सकाळी पद्मा मुलींच्या वह्या तपासत बसली होती. दर पानाला थांबत होती आणि काहीच तपासत नव्हती. गेल्या सोमवारी सांगितलेले उतारे त्याच वह्यांत होते. मी एक ओढून घेतली.

‘५ मे. सकाळी आठ वाजता ओहोटी. चिखल उघडा पडताच निवट्या दिसू लागल्या. ६ मे. सकाळी आठ वाजता ओहोटी. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. ७ मे. सकाळी आठ वाजता ओहोटी.’ असे पाच दिवस. सगळी वही तशीच आहे का, विचारलं, तर पद्मा म्हणाली की हो, एकोणीसही दिवस, मास्तर फार शिस्तीचे होते. मलाही ते पटलं. आमच्याकडे शाळेची घंटा जशी रोज दहाला होते तशी तिकडे आठला ओहोटी होत असेल, असं आम्ही दोघांनी धरून चाललो. इथेच आमची अक्कल शेण खायला गेली होती.

मग मी दौलतसिंहाला घेऊन खोली उघडून घेतली आणि बरण्या एकेक करून उजेडाला धरल्या. प्रत्येक बरणीच्या बाहेर मास्तरांच्या झोकदार अक्षरात, शाईने, तारीख घातलेली चिठ्ठी. पण आतही एक चिठ्ठी असते, स्पिरिटात बुडालेली. शाई त्यात विरघळते, म्हणून ती पेन्सिलीने लिहितात. आजवर ती कुणी वाचली नव्हती, कारण बाहेरची वाचायला सोपी होती.

आतलं अक्षर मास्तरांचं नव्हतं. गोल, लहान, काळजीपूर्वक. आणि तारीख नव्हतीच, तिथी होती. ‘वैशाख वद्य ८. ६.’ दुसरीवर ‘वैशाख वद्य १२. ९.’ तिसरीवर ‘ज्येष्ठ शुद्ध ४. ३.’ मी घाईघाईने पंचांग काढलं. त्याच तिथींपुढे तेच आकडे, तेच अक्षर. मधल्या तिथींना सव्वा, साडे, पावणे. आठाचे सहा, बाराचे नऊ, चाराचे तीन. प्रत्येक वेळी तिथीची पाऊणपट.

म्हणजे पंचांग चोराने रद्दीतून उचललेलं नव्हतं. ज्या हाताने बरण्या भरल्या त्याच हाताचं होतं. पण हे पाऊणपटीचं गणित कशाचं?

माझ्या ओळखीत समुद्र पाहिलेला एकच माणूस होता. शेजारचे मल्हारराव पहिल्या लढाईत दरबारच्या पलटणीबरोबर मुंबईहून बोटीने बसऱ्याला गेले होते. त्या बोटीची गोष्ट सांगायला त्यांना निमित्त लागत नाही, त्यामुळे मी कधी नीट ऐकलेली नव्हती. त्या दिवशी ऐकली. पाच दिवस बोट धक्क्याला अडकली होती, रोज भरतीची वाट बघायची. "आणि भरती काय घड्याळ बघून येते का?" मल्हारराव म्हणाले. "आज दहाला आली तर उद्या पावणेअकराला. रोज पाऊण तास पुढे सरकते. आमचा कप्तान तर चंद्र बघून सांगायचा."

मी तिथेच ओट्यावर बसलो. रोज पाऊण तास. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. मी पंचांगात मास्तरांच्या तारखा लावून पाहिल्या. वैशाख वद्य द्वादशीला सकाळी नऊला खाडी तुडुंब भरलेली, आणि मास्तरांची वही म्हणते की आठला ओहोटी, चिखल उघडा. एकोणीस दिवस रोज आठला ओहोटी कुठल्याच समुद्राला होत नाही. असं लिहू शकतो तो एकच माणूस, ज्याने समुद्र पाहिलेला नाही.

मास्तर कोकणात गेलेच नव्हते. आणि मुंबईचा तज्ज्ञ पहिल्या पानावरच हे ओळखणार होता.

६. भाऊजी, बसा

दुपारी मी परत किला गेटला गेलो. हातात पंचांग होतं. लीलाताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, बसा." मग आतून पत्र्याची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. वर साडी होती, साडीखाली वही.

त्यांनी सांगितलं ते असं. दरबारचा हुकूम मिळाल्यावर दोघं निघाले, पण पुण्यात नणंदेच्या घरी मास्तरांना हिवतापाने गाठलं. उठवेना. काम न करता परतावं तर नोकरी जाणार, आणि हातचा मे महिना निसटत चाललेला. मग लीलाताई एकट्याच माहेरी गेल्या. बरण्या, स्पिरिट, सगळं घेऊन. लहानपणी त्या त्याच चिखलात खेळलेल्या. कोळणींबरोबर रोज ओहोटीला उतरायच्या, कधी पहाटे, कधी भर दुपारी, पंचांगावरून वेळ काढून. आई म्हणायची, लोक काय म्हणतील. लोक म्हणालेही.

"पण मला ते नुसतं त्यांच्यासाठी नव्हतं करायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या लहानपणी गावाने जळणासाठी खाडीवरचे तिवर सगळे तोडले. तीन वर्षांत बांध फुटला आणि माझ्या वडिलांचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं. मला वाटायचं, कुणीतरी हे कुठेतरी शिकवावं. हे शिकवतील, असं वाटलं."

आणि मास्तरांनी शिकवलं. अठरा वर्षं, जीव ओतून. वही मात्र त्यांनी पुण्यात बरं होत असताना लिहिली. त्यांनी बायकोला पहिल्या दिवसाची वेळ विचारली होती, ती म्हणाली होती आठ. बाकीचे दिवस त्यांनी विचारलेच नाहीत.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी वाचलं तेव्हा वही दरबारात दाखवून झाली होती, वाहवा मिळाली होती. चूक सांगितली असती तर त्यांनी सगळं कबूल केलं असतं. तसेच होते ते. पाटीवर माझं नाव घालायचं दोनदा म्हणाले, मीच नको म्हटलं. हसतील लोक म्हणून." त्यांनी पेटीतली साडी नीट केली. "आता तो मुंबईचा माणूस हसणार. सगळ्यांसमोर. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, भाऊजी. वहीच्या मापाचं घरात एवढं पंचांगच होतं, ते बांधून ठेवलं. पद्मावर जाईल हे डोक्यातच आलं नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, वही तशीच परत दिली तर पद्मा सुटेल, पण संग्रह भोपाळला जाईल आणि मास्तरांचं हसं होईल. वही नाही दिली तर पद्मा बुडेल. तिसरा रस्ता एकच होता, आणि तो त्यांनीच चालायचा होता. दरबारने पाठवलं मास्तरांना. लीलाताईंना कुणी पाठवलं नव्हतं.

त्यांना ते लगेच कळलं. खूप वेळ त्या पेटीच्या कडीशी चाळा करत बसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी उठलो तेव्हा इतकंच बोलल्या, "शाळेतल्या खोलीत त्यांचा फोटो आहे, हार घातलेला. उद्या सकाळी तेवढा उतरवून ठेवाल? त्यांच्यासमोर मला बोलता यायचं नाही."

त्या येणार की नाही, हे मला तरीही माहीत नव्हतं. पद्माला मी काहीच सांगितलं नाही. खोटी आशा दाखवायची माझी छाती झाली नाही.

७. चतुर्थी

सोमवारी दहा वाजता समुद्राच्या खोलीत सगळे जमले. शालिनीताईंच्या हातात यादी, कृष्णरावांच्या काखेत फाइल. मुंबईचे तज्ज्ञ, कोट घातलेले उंच गृहस्थ, बरण्या बघत फिरत होते. पद्मा टाकीपाशी उभी होती, रात्रभर न झोपलेली. फोटो मी उतरवला होता. भिंतीवर त्याचा पांढुरका चौकोन तेवढा दिसत होता.

साडेदहा झाले. कृष्णरावांनी घसा साफ केला आणि वही मिळाली नसल्याचं लिहायला घेतलं. शालिनीताईंनी पेनाचं टोपण काढलं. माझी नजर दारावरून हलत नव्हती.

पावणेअकराला लीलाताई आल्या. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, काल मला सांगितलं तसंच, थोड्या शब्दांत. वही मी नेली, पद्माला काही माहीत नव्हतं. हे सगळं मी जमवलं. ते आजारी होते. मला कुणी पाठवलं नव्हतं, मला कुणी काही दिलं नव्हतं, म्हणून हे माझं आहे आणि मी ते या शाळेला देते.

पद्माने तोंडावर हात ठेवला होता. कृष्णराव म्हणाले की पंचवीस वर्षांनंतर नुसत्या तोंडी सांगण्यावर त्यांना काही लिहिता येत नाही. मी पंचांग आणि तीन बरण्या पुढे ठेवल्या. आतल्या चिठ्ठ्या दाखवल्या. तज्ज्ञांनी वही उघडली, चार पानं वाचली, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू आलं ज्याची लीलाताईंना भीती होती. मग त्यांनी लीलाताईंकडे पाहिलं आणि ते हसू गिळलं.

खिशातून भरती-ओहोटीच्या वेळांचं एक लहानसं छापील पुस्तक काढून त्यांनी एक पान काढलं आणि अंगठ्याने झाकलं.

"बाई, आज मुंबईला दुपारची भरती किती वाजता?"

लीलाताईंनी पंचांगाकडे पाहिलं नाही. "आज संकष्टी," त्या म्हणाल्या. "चतुर्थी. तीनला."

तज्ज्ञांनी अंगठा काढला आणि पान कृष्णरावांपुढे धरलं. कृष्णरावांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, बरणीतली चिठ्ठी पुन्हा एकदा उजेडाला धरली. मग फायलीतला रकाना शोधून त्यात ‘खासगी देणगी’ असं लिहिलं. वही गेल्याबद्दल काय लिहायचं, असं शालिनीताईंनी विचारलं, तर म्हणाले की वही टेबलावर आहे, गेली कुठे. शालिनीताईंनी यादीत पद्माच्या नावापुढे तीन दिवस कोरी राहिलेली जागा भरली आणि सही केली. तेव्हा कुठे मी स्टूल ओढून बसलो.

पद्मा लीलाताईंजवळ गेली. तिने वहीचं काय करायचं, ते विचारलं.

"कपाटात ठेव. पोरींना वाचायला दे आणि विचार, यात चूक कुठे आहे," लीलाताई म्हणाल्या. "सापडली ज्या पोरीला, तिला समुद्र समजला." दारावरच्या पाटीचं त्यांनी सांगितलं की खाली एक ओळ वाढवा, वरची पुसू नका. जमवलं मी, पण शिकवलं त्यांनी.

मग त्या टाकीपाशी गेल्या, तिवराचं एक पान जिभेला लावलं आणि पद्माला म्हणाल्या की मीठ कमी पडतंय. तज्ज्ञ आणि कृष्णराव तोवर निघाले होते. रिकाम्या चौकोनाकडे बघत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आता लावा त्यांना."

मी स्टुलावर चढलो. खिळा सापडेना, डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे. फोटो एकदाचा अडकला.

"थोडा डावीकडे," त्या खालून म्हणाल्या. "हं. तिथेच होता."